वेतवाले आणि

जन्मभर दुसऱ्यांच्या बसण्याची सोय करणाऱ्या माणसावर उतारवयात रांगेत उभं राहायची वेळ आली, आणि तीही जिथे बसायला एक धड खुर्ची नाही अशा कार्यालयात. व्यवसायांच्या नावांची नोंदणी करायचं हे कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं. जिना अरुंद, भिंतीला खांद्याच्या उंचीवर येणाऱ्याजाणाऱ्यांनी घासून केलेला काळपट पट्टा, आणि वर पोचल्यावर प्लास्टिकच्या खुर्च्यांची एक रांग, कोणी उचलून नेऊ नये म्हणून एकीला एक जोडलेली. वेतवाल्यांनी त्या खुर्च्यांकडे एकदा पाहिलं आणि ते भिंतीला टेकून उभे राहिले. प्लास्टिकवर बसण्यापेक्षा उभं राहिलेलं बरं, असं त्यांचं जुनं मत होतं. ते त्यांना कोणी विचारलं नव्हतं, पण म्हणून त्यांनी ते बदललंही नव्हतं.

खरं तर त्यांना नोंदणी करून नाव घ्यायची गरज कधी पडलीच नव्हती. वेताच्या खुर्च्या विणणारा माणूस म्हणून गल्ली त्यांना वेतवाले म्हणायची, गिऱ्हाईकं वेतवाले म्हणायची, आणि बँकेतला शिपाईसुद्धा पुस्तकावरचं नाव न वाचता "वेतवाले, या" असं म्हणून त्यांना आत घ्यायचा. घोडं अडलं ते वाचनालयापाशी. तिथल्या वाचनकक्षातल्या झाडून सगळ्या खुर्च्यांच्या बैठका फाटल्या होत्या. रंगकाम चालू होतं तोवर त्या विणून हव्या होत्या. ग्रंथपाल माणूस भला, पण नियमाला बांधलेला. "काम तुम्हालाच द्यायचं आहे," तो म्हणाला, "पण पावतीवर नोंदलेलं नाव लागतं. एखादं नाव मोकळं आहे का ते आधी बघून या."

म्हणून वेतवाले रांगेत होते. त्यांच्या पुढच्या माणसाचं सायकलींत हवा भरायचं दुकान होतं आणि त्याला दुकानाच्या नावात 'जागतिक' हा शब्द हवा होता.

"किती पंप आहेत?" खिडकीमागच्या मॅडमनी विचारलं.

"एक. म्हणजे दोन, पण दुसरा बिघडलाय."

"मग जग जरा लांबच राहू द्या," मॅडम म्हणाल्या, आणि तो माणूसही हसत हसत बाजूला झाला.

वेतवाल्यांनाही हसू फुटलं. घरी गेल्यावर हे सांगायला हवं, असं त्यांच्या मनात आलं. मग, कोणाला, हेही आलं. बायको जाऊन तीन वर्षं होत आली होती, तरी दिवसभरात काही मजेशीर दिसलं की मन ते तिच्यासाठी बाजूला काढून ठेवायचं. संध्याकाळी कुलूप उघडलं की ते सगळं तसंच खिशात राहायचं, आणि ते एकटे जेवून भांडी घासून टाकायचे.

मॅडमनी त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि संगणकावर शोधलं. चष्मा दोरीने गळ्यात लटकवलेला होता, तो लावून त्यांनी पडद्यावरचं वाचलं. "नुसतं 'वेतवाले' मिळायचं नाही, काका. गावाच्या त्या टोकाला एक वेतवाले आहेत. चालताना आधाराला घ्यायच्या काठ्या विकतात."

"मी खुर्च्या विणतो."

"वेत तोच ना? ऐकायला सारखं, मालही सारखा. लोकांची गफलत होईल."

"गुडघे दुखायच्या आधी माझ्याकडे येतील आणि दुखायला लागल्यावर त्यांच्याकडे जातील," वेतवाले म्हणाले.

मॅडम मनापासून हसल्या, पण नाव काही मिळालं नाही. मग वेतवाल्यांनी 'न्यू' लावून पाहिलं, 'श्री' लावून पाहिलं. मॅडमनी मान हलवली. 'न्यू', 'श्री', 'ओरिजिनल' असले शब्द त्यांच्या नियमात धरतच नाहीत म्हणे. ते बाजूला काढायचे आणि मागे जे उरतं ते दुसऱ्या कोणाचं आहे का, ते बघायचं.

मागून रांगेत कोणीतरी घसा खाकरला. वेतवाल्यांना घाई झाली आणि घाईत तोंडातून तेच निघालं जे वर्षानुवर्षं निघत आलं होतं. "मग 'वेतवाले आणि मंडळी' बघा."

मॅडमनी टंकलं, थांबल्या, आणि त्यांचा चेहरा खुलला. "हे मोकळं आहे. पण असं आहे काका, 'आणि मंडळी' एकट्या माणसाला लावता येत नाही. म्हणजे बाकीचे कोणीतरी हवेत ना. निदान आणखी एक माणूस, आणि त्याची सही. तुमची मंडळी कोण?"

"कोण म्हणजे," वेतवाले गोंधळून म्हणाले, "आमची मंडळी."

बायकोला 'आमची मंडळी' म्हणणारी माणसं आता फार उरलेली नाहीत, पण मॅडमच्या घरी ती असावीत, कारण त्यांना ते चटकन समजलं. "अच्छा, काकू होय? मग तर फारच छान. कुठे आहेत त्या?"

"घरी," वेतवाले म्हणाले.

फोटो भिंतीवर होता आणि भिंत घरात होती. तेवढ्यापुरतं ते खोटं नव्हतं.

"मग घेऊन या त्यांना. सही माझ्यासमोर व्हायला लागते. नाव महिनाभर तुमच्यासाठी राखून ठेवते."

"तिला जिना चढवत नाही. गुडघे धरतात."

हेही खरंच होतं. फक्त काळ वेगळा होता. मॅडमनी "अगंबाई" म्हणून कळवळ्याने जिन्याकडे पाहिलं. गेल्या तीन वर्षांत तिच्या गुडघ्यांसाठी कोणी हळहळलं नव्हतं.

'मंडळी'चा हा विनोद मुळात तिचाच होता. लग्नानंतर नवऱ्याने पहिल्यांदा गिऱ्हाइकासमोर "आमची मंडळी आत आहे" असं म्हटलं, तेव्हा ती पडद्याआडून हसत बाहेर आली आणि गिऱ्हाईक गेल्यावर तिने कमरेवर हात ठेवून विचारलं होतं, "मी किती जण आहे हो?" तेव्हापासून कोणी विचारलं, घरी कोण कोण असतं, की वेतवाले सांगायचे, "मी आणि मंडळी." एकदा एका भल्या गिऱ्हाइकाने एवढं मोठं कुटुंब एका खोलीत राहतं या समजुतीने फळांची मोठी करंडी पाठवली होती. मूल ना बाळ, दोघंच नवराबायको, ती फळं खाऊन खाऊन त्यांची तोंडं आंबली. शेवटची फळं तिने खालच्या शिंप्याला नेऊन दिली आणि सांगितलं, "मंडळींचं पोट भरलं, आता तुम्ही घ्या."

आणि कामातही ती अर्धी होती. वेताची बैठक विणायची तर खुर्ची आडवी करून उंचावर बांधायची, आणि ओली पट्टी एका बाजूने भोकात सारायची. पलीकडे ती बसायची. पट्टीचं टोक बाहेर आलं की ती ओढून घ्यायची, ताण बघायची आणि शेजारच्या भोकातून परत पाठवायची. दोघांच्या मध्ये खुर्ची, त्यामुळे एकमेकांचे चेहरे दिसायचे नाहीत, दिसायची फक्त बोटं. "ओढ" म्हणायचं, "सोड" म्हणायचं, बाकी गल्लीतल्या गप्पा. वीण घट्ट होत जायची तशी तीही दिसेनाशी व्हायची. ती गेल्यावर वेतवाले एकट्याने विणायला शिकले. पट्टी सारायची, मग वाकून दुसरा हात पलीकडे न्यायचा आणि आपली आपणच घ्यायची. वेळ दुप्पट लागायचा. पण वेळेचं त्यांना काय, तो पडूनच होता.

आठवडाभराने ते पुन्हा जिना चढून गेले. काम फारसं नव्हतं. सही घरी घेता येते का, एवढंच विचारायचं होतं आणि येत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

"काकूंचे गुडघे कसे आहेत?" मॅडमनी आधी हेच विचारलं.

वेतवाल्यांनी सांगितलं, की सकाळी उठताना त्रास होतो, एकदा चालायला लागली की मग बरं असतं. ती ऐकत नाही, जमिनीवर बसूनच काम करते. कितीही ओरडा, स्टूल घेत नाही. बोलता बोलता ते बरंच काही बोलून गेले. शेजारच्या खिडकीवरच्या लोकांनी वळून पाहावं इतका त्यांचा आवाज मोकळा झाला होता. त्यांनी सांगितलेली एकही गोष्ट खोटी नव्हती, त्यांनी फक्त भूतकाळाचा वर्तमानकाळ केला होता. शाळेत व्याकरणात नापास होणाऱ्या माणसाला या वयात ते इतकं सहज जमावं याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

त्यानंतर ते जातच राहिले. कधी नियम नीट समजला नाही म्हणून, कधी आपल्या नावाला कोणाची हरकत तर आली नाही ना हे बघायला म्हणून. एक दिवस मॅडमनी खिडकीतून एक लहानशी बाटली पुढे केली. "आईने काकूंसाठी दिलंय. ती स्वतः घरी करते हे तेल. कोमट करून लावायला सांगा, आणि वर फडकं बांधायचं."

वेतवाल्यांनी ती हातात घेतली. खरं सांगायला ती वेळ बरी होती. ओठावर आलंही होतं. पण त्यांनी ते गिळलं, बाटली खिशात टाकली आणि घरी येऊन फडताळात, तिच्या कंगव्याशेजारी ठेवून दिली. त्या रात्री ते फडताळाकडे पाठ करून झोपले.

खालच्या शिंप्याला हे सगळं कळलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. "अहो, एका सहीचा तर प्रश्न आहे. मी करतो. सही करून माझा काय हात झिजतोय? मला तुमची मंडळी व्हायला हरकत नाही, फक्त मिशी काढणार नाही."

वेतवाले हसले, पण नको म्हणाले.

"का पण?"

"मंडळी म्हणजे कोणीही नसतं रे," ते म्हणाले. मग जरा थांबून, "तू वाईट वाटून घेऊ नकोस."

शिंप्याला वाईट वाटलं ते वाटलंच. त्याने सुईत दोरा ओवायचं निमित्त करून मान खाली घातली. वेतवाल्यांना त्याला सांगता आलं नाही, की प्रश्न नावाचा आहे आणि नाहीही. सगळ्या जगात एक खिडकी अशी होती जिच्यासमोर उभं राहिलं की आपल्या बायकोचे गुडघे दुखत असायचे. दुसरं कोणी मंडळी म्हणून सही करून गेलं असतं तर तिथेही ती नसती.

पण महिना कोणासाठी थांबत नाही. तो सरत आला, वाचनालयाच्या भिंती रंगून झाल्या, ग्रंथपालाचे निरोप यायला लागले. आणि मॅडमनी आपल्या चांगुलपणाने त्यांना अगदी कोपऱ्यात गाठलं. "काका, तुम्ही उगाच हेलपाटे घालताय. येत्या मंगळवारी त्या बाजूला माझं काम आहेच. मीच घरी येते, काकूंची सही घेते आणि त्यांना भेटूनही होईल."

"नको," वेतवाले इतक्या झटकन म्हणाले की मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे ती नाहीये इथे. भावाकडे गेलीय."

घरी येईपर्यंत त्यांना ते वाक्य सोसलं नाही. इतके दिवस जे सांगितलं ते सगळं कधी ना कधी खरं होतं. हे मात्र कधीच नव्हतं. तिला भाऊच नव्हता. तिला जिवंत ठेवायला निघालेल्या माणसाने आज भलतीच कोणीतरी बाई उभी केली होती, जिला भाऊ होता आणि जी नवऱ्याला सोडून त्याच्याकडे जाऊन राहत होती. फोटोकडे बघायची त्यांना लाज वाटली.

काय करावं ते सुचेना, तेव्हा त्यांनी आपल्याला येत होतं ते केलं. खिडकीतून त्यांना मॅडमची खुर्ची कधीपासून दिसत होती. जुनी, भक्कम लाकडाची, वेताची बैठक मधोमध फाटलेली, आणि त्या खड्ड्यावर नामंजूर अर्जाची एक जाडजूड फाइल टाकून मॅडम बसत. कोणाचं तरी नामंजूर झालेलं नाव इतकी वर्षं त्यांचा भार सोसत होतं. दुसऱ्या दिवशी जाऊन वेतवाल्यांनी विचारलं, ही विणून देऊ का.

"सरकारी वस्तू आहे. बाहेर नेता येत नाही."

"मी इथे येऊन विणतो."

शनिवारी लोकांसाठी कार्यालय बंद असायचं, पण तुंबलेली कामं काढायला मॅडम यायच्या. वेतवाले सकाळीच पोचले. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या पट्ट्या, खुंट्या, चाकू आणि खिशात तेलाची बाटली. आज सांगायचं, असं ठरवून ते आले होते. जुनी वीण कापून काढली, भोकं साफ केली, खुर्ची आडवी करून टेबलाच्या कडेला बांधली. पलीकडे मॅडम स्टुलावर बसून कागदांवर शिक्के मारत होत्या. दाराशी शिपाई पेंगत होता. खिडक्या बंद होत्या आणि रांगेशिवाय ते कार्यालय फार मोठं वाटत होतं.

उभ्या पट्ट्या झाल्या, आडव्या सुरू झाल्या. सांगायचं ते दर पट्टीबरोबर पुढच्या पट्टीवर गेलं. हात मात्र कामात रमले. एक टोक भोकातून पलीकडे गेलं आणि वेतवाले नकळत म्हणाले, "ओढा जरा."

मॅडमनी शिक्का ठेवला आणि टोक ओढलं. "असं?"

"असंच. आता शेजारच्यातून परत."

त्यांना ते जमलं. मजाही वाटली असावी, कारण कागद बाजूला पडले. पट्टी जायची, यायची. काम भराभर व्हायला लागलं, इतकं भराभर की वेतवाल्यांना कित्येक दिवसांत असा वेग ठाऊक नव्हता. मधल्या भोकांतून समोरची बोटं तेवढी दिसत होती. मॅडम त्यांच्या आईच्या गमती सांगत होत्या, वेतवाले हुंकार भरत होते. मग एकदा टोक पलीकडे गेलं आणि तिथेच राहिलं.

"ओढ गं," वेतवाले म्हणाले. "लक्ष कुठाय तुझं?"

पट्टी ओढली गेली. मग दोन्ही बाजू थांबल्या.

"रोज असंच ओरडता वाटतं काकूंवर," मॅडम हसून म्हणाल्या.

वेतवाल्यांनी हात मांडीवर घेतले. "ती नाही," ते म्हणाले.

"आल्या नाहीत का अजून भावाकडून?"

"भाऊ नाही तिला. ती गेली. तीन वर्षं होतील आता."

पलीकडची बोटं पट्टीवर तशीच राहिली. वेतवाले त्या बोटांकडे बघत बोलले, चेहरा दिसत नव्हता म्हणूनच बोलू शकले. "पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, कुठे आहेत, मी म्हटलं घरी. तेव्हाच सांगायला हवं होतं. मग तुम्ही गुडघ्यांचं विचारलंत. गेलेल्या माणसाची तब्येत कोणी विचारत नाही हो. तिचं नाव निघालं की लोक विषय बदलतात, मला वाईट वाटू नये म्हणून. तुम्ही विचारत गेलात आणि मी सांगत गेलो." त्यांनी खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली. "हे उघडलेलं नाही."

मॅडम उठून उभ्या राहिल्या. त्या आता पूर्ण दिसत होत्या आणि त्यांचा चेहरा लाल झाला होता. "माझी आई रोज संध्याकाळी मला विचारते," त्या म्हणाल्या, "त्या बाईला उतार पडला का. मी घरात पाऊल टाकायच्या आधी. तिला काय सांगू आता मी?"

वेतवाल्यांना हे ठाऊक नव्हतं. म्हणजे आणखी एका घरात, जे त्यांनी पाहिलंही नव्हतं, तिची रोज चौकशी होत होती. आता तिथूनही तिला जावं लागणार होतं, आणि तेही त्यांच्यामुळे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही, कारण हात वेताने ओले होते.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

मॅडम मागे वळल्या. त्या संगणकापाशी जाऊन बसल्या. वेतवाले परत विणायला लागले, पट्टी सारायची, वाकायचं, पलीकडे हात न्यायचा. तिरप्या पट्ट्या झाल्या, काठ बांधून झाला. तोवर दुपार कलली. खुर्ची सोडवून त्यांनी जागेवर ठेवली, तुकडे गोळा केले. तेव्हा मॅडम म्हणाल्या, "इकडे या. नावाचं राहिलंय."

त्यांनी पडदा वेतवाल्यांकडे वळवला. 'वेतवाले आणि मंडळी' असं तिथे लिहिलेलं होतं, महिनाभर राखून ठेवलेलं.

"हे मला काढावं लागेल, काका."

"काढा."

मॅडमनी कळ दाबली. आधी वेलांटी गेली. मग ळ गेला, मग ड. मग मच्या डोक्यावरचं टिंब गेलं आणि नुसता म उरला, मग तोही गेला. वेतवाले शेवटपर्यंत बघत राहिले. दवाखान्यात त्यांना शेवटी बाहेर थांबायला सांगितलं होतं, तेव्हा त्यांना काहीच बघता आलं नव्हतं.

"थांबा," ते म्हणाले. "'आणि' राहू दे."

"नुसतं 'आणि'?"

"हो."

"नुसतं 'वेतवाले' उरलं तर मिळणारच नाही, ते त्या काठ्यावाल्यांचं आहे. आणि 'आणि' हा काय शब्द आहे? तो धरायचा की नाही..." मॅडमनी नियमांचं पुस्तक ओढलं. 'श्री' होतं, 'न्यू' होतं, 'ओरिजिनल' होतं, न धरायच्या शब्दांचं अख्खं पान होतं. त्यांनी ते बोटाने वरपासून खालपर्यंत पाहिलं. "यात 'आणि' नाही," त्या म्हणाल्या. "कोणी मागितलाच नसेल."

"एकट्या माणसाला चालतो?"

"मंडळी चालत नाही. 'आणि'बद्दल काही लिहिलेलं नाही." त्यांनी शोधलं. पडदा थोडा वेळ विचारात पडला. मग मॅडमनी चष्मा नीट केला आणि नेहमीच्या कामाच्या आवाजात वाचलं, "असं नाव आजपर्यंत कोणाचंच नाही. मोकळं आहे."

वेतवाल्यांनी सही केली. निघताना बाटलीकडे त्यांची नजर गेली. मॅडमनी ती उचलली, क्षणभर हातात धरली आणि त्यांच्यापुढे केली. "घेऊन जा. जिने चढून चढून तुमचेही गुडघे दुखत असतील." मग शिक्का जागेवर ठेवत, त्यांच्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "आईला मी सांगेन, उतार पडला म्हणून."

वाचनालयाचा वाचनकक्ष ताज्या रंगाच्या वासाने भरला होता आणि माणसं अजून आत सोडली नव्हती. वेतवाल्यांनी पहिली खुर्ची बांधून घेतली. ग्रंथपाल नवीन पावतीपुस्तक हातात घेऊन उभा होता. त्याने वरचं नाव वाचलं, उजेडात धरून पुन्हा वाचलं, आणि पान उलटून मागे काही आहे का तेही पाहिलं.

"वेतवाले आणि," तो म्हणाला. "यापुढचं राहिलं का?"

"हो," वेतवाले म्हणाले. "राहिलं."

त्यांनी ओली पट्टी भोकात सारली, वाकून दुसरा हात पलीकडे नेला आणि ती ओढून घेतली.